बिबट्यामुक्त तालुका

"आज आपल्या देवळाण तालुक्यात बिबट्या औषधालासुद्धा शिल्लक राहिलेला नाही!" सभापती नानासाहेब वाबळे माइकवर गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याच वेळी माझ्या मांडीवरच्या मोबाइलवर गोदाचा मेसेज आला.

गोदा म्हणजे बिबट्याची मादी. जिच्यापासून तालुका मुक्त झाला म्हणून हा सोहळा चालला होता, तीच. तिच्या गळ्यात आम्ही बसवलेला पट्टा ती कुठे आहे ते अधूनमधून मोबाइलवर कळवायचा. मेसेजमध्ये नुसते अक्षांश-रेखांशांचे आकडे असत, पण दोन वर्षं कोळदऱ्यात राहून गावातले आकडे मला शेजाऱ्यांच्या नावांसारखे पाठ झाले होते. मी मेसेज वाचला आणि मान वळवून मागे पाहिलं. व्यासपीठाचा पडदा, पडद्यामागे पाण्याचा चर आणि चराच्या पलीकडे ऊस. गोदा त्या उसात होती. ऊस नानासाहेबांचाच होता.

माझ्या शेजारी वनक्षेत्रपाल घोलप बसले होते. त्यांच्या अंगावर सत्काराची शाल होती आणि मांडीवर नारळ. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. आकडे त्यांना कळत नसत.

"काय म्हणते?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"आली."

"कुठपर्यंत?"

मी अंगठ्यानं मागे दाखवलं. घोलपांनी शालीच्या टोकानं कपाळ पुसलं आणि नारळ पोटाशी घट्ट धरला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा पुण्याच्या एका वन्यजीव संस्थेत संशोधन करत होते. उसाच्या पट्ट्यात बिबटे राहतात कसे, फिरतात कुठे, माणसांपासून लपतात कसे, हे शोधणं माझं काम. गोदा कोळदऱ्याच्या उसात जन्मली असावी. गावातली कुत्री आणि उघड्यावर बांधलेल्या शेळ्या ती उचलायची, माणसाच्या वाटेला मात्र कधी गेली नव्हती. पण त्या वर्षी श्रावणात तिनं नानासाहेबांच्या मेव्हण्याचं जातिवंत कुत्रं उचललं आणि तो प्रश्न एकदम जनतेचा झाला. नानासाहेबांनी रास्ता रोको केला. पिंजरा लागला, गोदा सापडली, पिंजऱ्याशेजारी उभं राहून नानासाहेबांचे फोटो निघाले. ते पंचायत समितीचे सभापती होते आणि येत्या निवडणुकीत त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं.

"हिला इथंच सोडू," मी तेव्हा घोलपांना म्हटलं होतं. "लांब नेऊन सोडलेला बिबट्या परत घराकडे चालत येतो. शिवाय नव्या जागी बिचकतो आणि माणसांवर जातो."

"म्याडम, तुमचं शास्त्र बरोबर आहे," घोलप म्हणाले होते, "पण शास्त्राला सभापतींचा फोन येत नाही. मला येतो."

तेव्हा तीन तालुके पलीकडे, घाटमाथ्याच्या जंगलात गोदाला सोडलं. बेशुद्ध असताना मी तिच्या गळ्यात पट्टा घातला. 'स्थलांतर यशस्वी' असा अहवाल घोलपांनी वर पाठवला आणि वरच्यांनी तो आणखी वर पाठवला. गोदा काही दिवस घाटात घुटमळली आणि मग चालायला लागली. नदी ओलांडली, हमरस्ता ओलांडला, एका मोठ्या गावाच्या बाजारपेठेमागून कोणाला पत्ता न लागता पार झाली. रोज सकाळी घोलप माझ्या खोलीवर यायचे आणि नकाशावरचे ठिपके बघून, मुलाच्या दहावीच्या निकालासारखं विचारायचे, "थांबेल ना हो?" ती थांबली नाही. आणि सोहळ्याची तारीख तर दिवाळीनंतरची कधीच ठरलेली होती.

व्यासपीठामागच्या फ्लेक्सवर नानासाहेब हात जोडून उभे होते आणि त्यांच्या पायाशी बिबट्या म्हणून चित्ता छापला होता. मी त्याबद्दल काही बोलले नव्हते. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, त्यात चित्त्याचा नंबर फार खाली लागत होता.

"आता आपल्या बिबट्यातज्ज्ञ म्याडम दोन शब्द बोलतील," सूत्रसंचालकांनी पुकारलं.

समोर पाच-सहाशे माणसं, पुढच्या रांगांत बायका-पोरं. बिबट्या मागे आहे म्हटलं असतं तर चेंगराचेंगरी झाली असती. मी म्हणाले, बिबट्या गेला म्हणून गाफील राहू नका. पोरांना एकटं सोडू नका, शेळ्या बंद गोठ्यात बांधा, कोंबड्यांची घाण रस्त्याकडेला टाकू नका, तिच्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. गेली दोन वर्षं मी हेच सांगत होते. याची पत्रकंही छापली होती आणि स्टँडवरचा वडेवाला त्यांत वडे बांधून देत असे. मी लवकर आटपलं म्हणून मला चांगल्या टाळ्या मिळाल्या.

खाली बसते तोच दोन कार्यकर्ते फटाक्यांची भलीमोठी माळ उलगडत चराच्या कडेनं निघालेले दिसले. मी उठून थेट नानासाहेबांजवळ गेले.

"नानासाहेब, फटाके लावू देऊ नका."

"का वो?"

"उसात ती आहे."

"कोण?"

"गोदा."

"कुठली गोदा? कांबळ्याची?"

"जिच्यासाठी तुमचा सत्कार चाललाय ती."

नानासाहेबांच्या गळ्यात हार होता आणि चेहरा लोकांकडे होता. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी हलूसुद्धा दिलं नाही, तेवढी त्यांची राजकारणातली तालीम होती. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मित्रहो, ध्वनिप्रदूषणाचा विचार करता आपण आज फटाके वाजवणार नाही. निसर्ग टिकला तर आपण टिकू!" लोक चक्रावले, पण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'पर्यावरणप्रेमी सभापती' असा मथळा आला.

माणसं पांगल्यावर आम्ही तिघं नानासाहेबांच्या बंगल्यात बसलो. त्यांच्या पत्नी ताराबाई चहा घेऊन आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"आता पुन्हा पिंजरा लावावा लागेल, साहेब," घोलप म्हणाले.

"पिंजरा लावला की लोक बगणार. लोकांनी बगितलं की पेपरवाले येणार. आन् पेपरवाल्यांच्या मागं पोपटराव येणार," नानासाहेब म्हणाले. पोपटराव शेळके म्हणजे त्याच तिकिटासाठी धडपडणारे दुसरे पुढारी. "पिंजरा नाय लावायचा."

"मग काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? तालुका बिबट्यामुक्त झालाय. आत्ता माइकवरनं जाहीर झालं. जी गोष्ट नाय तिचं करायचं काय?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्याडम, एकच सांगा. ती कुणाच्या नजरंला पडू नये म्हणून काय करावं लागंल?"

दोन वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी पर्समधलं एक पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं.

पुढच्या महिन्याभरात कोळदऱ्यात जे झालं ते कुठल्याही संस्थेला जमलं नसतं. रस्त्याकडेचे कोंबड्यांच्या घाणीचे ढीग उचलले गेले. त्याला नाव पडलं 'स्वच्छ कोळदरे, सुंदर कोळदरे'. उघड्या गोठ्यांना जाळ्या बसल्या. ती 'पशुधन सन्मान योजना' झाली. शाळेच्या वाटेवर दिवे लागले. पोरं घोळक्यानं, मोठ्यानं पाढे म्हणत शाळेत जाऊ लागली आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याचं कौतुक केलं. कोणी पावलांचे ठसे दिसल्याची तक्रार घेऊन आलं की नानासाहेब स्वतः ठसे बघायला जात आणि गंभीरपणे सांगत, "तरस हाय." एक म्हातारा हटूनच बसला की त्यानं पिवळ्या अंगावर काळे ठिपके बघितले. नानासाहेबांनी त्याला मोतीबिंदूच्या शिबिरात पाठवलं आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. आता त्याला बिबट्या आणखी स्पष्ट दिसायला लागला, ते वेगळं.

उलट पोपटराव रोज नव्या गावात बिबट्या आल्याचं जाहीर करत होते. कधी एकाच संध्याकाळी चार गावांत. त्यातल्या एकाही गावात गोदा नव्हती. ती नानासाहेबांच्या उसात स्वस्थ पडून होती.

ते स्वस्थ पडून राहणंच मला खटकायला लागलं. मार्गशीर्षात तिचे ठिपके एकाच जागी येऊ लागले. शिकारीला जायची आणि परत तिथेच. याचा अर्थ एकच होता. तो नानासाहेबांना कसा सांगावा या विचारात मी बंगल्यावर गेले, तर दारात ताराबाईच भेटल्या.

"पिल्लांचं सांगायला आला आसाल," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"गच्चीवर चला." त्यांनी मला वर नेलं. तिथून उसाची कड, चर आणि बांध सगळं दिसत होतं. "परवा सकाळी तोंडात धरून एकाला बांधावरनं पलीकडं नेलं. मग दुसऱ्याला. एवढीएवढीशी हायत."

"घाबरला नाहीत?"

"घाबरायचं काय? तीन तालुके तुडवीत आली बाई माहेरी. बाळंतपणाला आलीय. बाळंतिणीला कुणी हाकलतं का?" मग खाली बघत हळूच म्हणाल्या, "मला आईनं बोलावलं हुतं थोरलीच्या येळंला. ह्यांची तवा ग्रामपंचायतीची निवडणूक. म्हणले, घरात माणसं येत्यात, च्या कोण करील."

तेवढ्यात नानासाहेब वर आले. मी पिल्लांचं सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

"म्याडम, पुढच्या आठवड्यात माझी तोड हाय! कारखान्याची टोळी कोयते घिऊन येणार!"

"तोड पुढं ढकला," ताराबाई म्हणाल्या.

"ऊस वाळंल."

"वाळू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना तरस सांगताय ना? हेबी सांगा कायतरी."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. तोड पुढे ढकलली गेली. आजूबाजूची रानं मोकळी झाली आणि मधोमध एकट्या नानासाहेबांचा ऊस उभा राहिला. त्याला तुरे आले. सभापतींचा ऊस कारखाना नेत नाही म्हणून लोक हसायला लागले. नानासाहेब सांगत, "बेण्यासाठी राखलाय." एवढ्या बेण्यात सगळा तालुका लावून झाला असता.

मी आठवड्यातून एकदा गच्चीवर जायचे. दर वेळी नानासाहेब तिथे आधीच असत. मुंबईहून मागवलेली त्यांची दुर्बीण माझ्या दुर्बिणीपेक्षा चांगली होती. मी आले की ते ती खाली ठेवत आणि हवामानाबद्दल बोलायला लागत.

"हे काय सांगतात तुम्हाला?" एकदा ताराबाईंनी मला विचारलं. "रोज सकाळी इथं येऊन बसत्यात. दोन्ही दिसली नाहीत तर च्या घेत नाहीत."

"कारण नसताना बोलू नगं," नानासाहेब म्हणाले. "लक्ष ठेवावं लागतं. उद्या एखादं रस्त्यावर आलं तर माझं तिकीट जाईल."

हे असंच उन्हाळ्यापर्यंत निभावलं असतं, पण घोटाळा आमच्याच संस्थेनं केला. गोदाची परतीची वाटचाल म्हणजे मोठंच संशोधन होतं. मी संचालकांना बजावलं होतं की पिल्लं मोठी होईपर्यंत जागा कोणाला सांगायची नाही. त्यांनीही मान डोलावली होती. पण पुण्यात एका पेपरनं त्यांची मुलाखत घेतली, वन्यजीवांबद्दलच्या आपल्या तळमळीवर ते बोलत गेले आणि तळमळीच्या भरात सांगून बसले, की देवळाण तालुक्यातून हलवलेली मादी स्वतःच्या गावी परतली असून पिल्लांसह उसात सुखरूप आहे. मुलाखतीशेजारी नकाशा होता. नकाशात बाण होता.

मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अगं, गावाचं नाव कुठे दिलंय आपण?"

गावाचं नाव द्यायची गरजच नव्हती. त्या परिसरात उभा राहिलेला ऊस एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव आले. त्यांच्यासोबत ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या भरून माणसं होती, हातात काठ्या, कोयते, रॉकेलचे डबे. पुढे कॅमेरे घेतलेले तीन-चार पत्रकार. मी आणि घोलप धावत पोचलो तोवर बांधावर शे-दीडशे माणूस जमला होता.

"सभापतींनी जनतेला फसवलंय!" पोपटराव पेपर हलवत ओरडले. "बिबट्या ह्यांच्या उसात पाळलाय! चारी बाजूंनी ऊस पेटवा. आपोआप भायेर येतंय!"

"असं करता येणार नाही, कायद्यानं गुन्हा आहे!" घोलप पुढे होऊन म्हणाले. पण शाल आणि नारळ नसले की घोलपांकडे फारसं कोणी बघत नसे. मी काही बोलायला गेले तर एकानं मला कोपरानं बाजूला सारलं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि रॉकेलचा वास आला. चराच्या पलीकडे, तुरे आलेल्या त्या वाळक्या उसात, पिल्लांची नेमकी जागा मला ठाऊक होती. काडी पडली असती तर चहा उकळायला लागतो त्याच्या आत सगळं संपलं असतं. गोदा कदाचित निसटली असती. पिल्लं निसटली नसती. आणि निसटलेली गोदा काठ्यांच्या गराड्यात सापडली असती.

नानासाहेब बंगल्यातून बाहेर आले. धोतराचा सोगा हातात धरून, सावकाश. मागे पायरीवर ताराबाई येऊन उभ्या राहिल्या. नानासाहेब चर ओलांडून उसाच्या तोंडाशी, गर्दीकडे तोंड करून थांबले.

"काय बगायचंय तुमाला?"

"आत काय लपवलंय ते!" पोपटराव म्हणाले.

"मीच सांगतो. क्यामेरा लावा वो, पत्रकार."

आता हे सांगणार, मला वाटलं. तिकीट वाचवायचा तोच एक मार्ग उरला होता: मलाही आत्ताच कळलं, चला, मीच पहिली काडी लावतो, असं म्हणायचं. पोपटरावांची सगळी हवाच गेली असती. नानासाहेबांना ते सुचलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकदा पायरीकडे पाहिलं. ताराबाई पदर खांद्यावर ओढून नुसत्या बघत राहिल्या.

"आत माझी पाइपलाइन हाय," नानासाहेब म्हणाले. "पाटाच्या पाण्याची. चोरून घेतलेली. सात वर्षं झाली."

पत्रकारांनी कॅमेरे वर केले.

"म्हणून तोड केली नाय. रान मोकळं झालं आस्तं तर पाइप उघडा पडला आस्ता. आता पोपटराव, तुमी ऊस पेटवा. माझी हरकत नाय. पाइप वितळंल, बोभाटा हुईल, पंचनामा हुईल. पंचनाम्याला पाटबंधाऱ्याचे सायेब येतील. ते सायेब लोक पाटाच्या कडंनं वरनं खाली चालत येत्यात. म्हंजे माझ्या रानात यायच्या आधी त्यांना तुमचं रान लागतंय. मग उपसरपंचाचं. मग आपल्या शिवाजी मास्तरचं. मग…" ते गर्दीतल्या एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. "मी कुणाचं नाव घेत नाय. ज्याचं त्याला ठावं."

ज्याच्या हातात डबा होता त्यानं त्याचं झाकण लावलं. मागून कोणीतरी म्हणालं, "तसं बगितलं तर इतक्या वस्तीत बिबट्या ऱ्हाईल कशाला?"

"तरस असंल."

"तरसच. आमच्या म्हाताऱ्यानंबी तेच बगितलं."

"आरं, धारा काढायच्या राहिल्यात माझ्या."

सकाळचे दहा वाजून गेले होते. त्या वेळी कोळदऱ्यात कोणीच धारा काढत नाही, पण सगळ्यांनाच एकदम म्हशींची आठवण झाली. काठ्या खाली गेल्या. ट्रॉल्या वळल्या. पोपटरावांनी "जनता सगळं बघतेय!" असं दोनदा म्हटलं, पण जनता तोवर रस्त्याला लागली होती.

मागे राहिला एक तरुण पत्रकार. त्यानं वही सरसावली. "सभापती महोदय, म्हणजे आपण पाणीचोरीची कबुली देताय असं समजायचं?"

घोलपांनी नानासाहेबांची बाही ओढली. "साहेब, विचार करून बोला. तिकीट…"

"छापा," नानासाहेब म्हणाले.

छापलं गेलं. त्या आठवड्यात पक्षानं स्वच्छ प्रतिमेच्या उमेदवाराचा शोध घेतला आणि तिकीट पोपटरावांना दिलं. पाटबंधारे खात्यानं नानासाहेबांवर गुन्हा नोंदवला. खात्याचे साहेब मात्र वरून खाली चालत आले नाहीत, जीपनं थेट नानासाहेबांच्याच रानात उतरले आणि तिथूनच परत गेले. गर्दी आली होती त्याच संध्याकाळी उजेड असतानाच गोदानं पिल्लं उचलली. दुसऱ्या दिवशी ठिपके ओढ्यापलीकडच्या टेकडीवर, करवंदीच्या जाळ्यांत दिसले. नानासाहेबांनी मग तोड घेतली. वजन निम्मंच भरलं.

निवडणुकीच्या निकालादिवशी मी बंगल्यावर गेले. लांबून पोपटरावांच्या मिरवणुकीचे फटाके ऐकू येत होते. नानासाहेब गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. समोर ऊस तुटलेलं मोकळं रान होतं आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी दुर्बीण गळ्यात होती.

"त्या दिवशी तुम्ही आधी काडी लावायला निघाला असतात तर आज ती मिरवणूक तुमची असती," मी म्हटलं.

"आस्ती की."

"मग?"

"तिकीट काय, पाच वर्षांनी परत येतंय, म्याडम. हिच्यासमोर मला रोज जेवायला बसायचं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आन् धाकटं जरा लंगडत हुतं. त्याला आगीतनं पळाया जमलं नसतं."

पावसाळ्याच्या तोंडावर पट्ट्याची मुदत संपली. ठरल्याप्रमाणे तो आपोआप सुटून पडला. टेकडीमागच्या ओढ्यात मला तो सापडला; चामडं झिजून गुळगुळीत झालं होतं. जवळच्या वाळूत तिघांचे ठसे होते. ते ओढ्यातून वर जाऊन खडकावर संपत होते. मी पट्टा घेऊन बंगल्यावर गेले. नानासाहेबांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, तळहातावर तोलला.

"एवढं वज्जं घिऊन फिरत हुती व्हय?" ते म्हणाले. "मग आता ती कुठं हाय?"

"माहीत नाही."

"मोबाइलवर?"

"मोबाइलवर आता काही येणार नाही."

"म्हंजे तुमाला ठावं नाय. घोलपसायबाला नाय. पोपटरावाला नाय."

"कोणालाच नाही."

नानासाहेबांनी इतका मोठा निःश्वास सोडला की चहा ओतणाऱ्या ताराबाईंनी वर पाहिलं.

"आता दुसरीला पट्टा लावणार?" ताराबाईंनी मला विचारलं.

"संस्था लावा म्हणते."

"आन् तुमी?"

"मी घाटमाथ्यावर जातेय. शेकरूंचा अभ्यास करायला."

"त्यांनाबी पट्टं?" नानासाहेबांनी धास्तावून विचारलं.

"नाही. नुसतं बघायचं."

ताराबाईंनी कप माझ्यापुढे सरकवला. "बगा," त्या म्हणाल्या, "आन् कुणाला सांगू नका."